कालव्याचं शेपूट

सानेमला कुणी वाट विचारली की ती हातातलं काम उचलून घरात जायची.

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा शेजारच्या बेगदुल्लाची मुलगी बघायला परगावची मंडळी आली आणि त्यांची उंटगाडी नेमकी सानेमच्या दारात थांबली. बेगदुल्लाचं घर कुठलं, असं गाडीतल्या म्हातारीने विचारलं. ते घर समोरच होतं, त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. सानेम म्हणाली, "मला नाही माहीत," आणि तिने दार लावून घेतलं. मंडळी गावभर फिरून तासाभराने पोचली. त्या सोयरिकीत सानेमने बिब्बा घातला असं बेगदुल्लाची बायको पुढे कित्येक वर्षं सांगत होती.

सानेमचा नवरा हसऱ्या स्वभावाचा होता. तो म्हणायचा, "ही मेल्यावर देवदूत कबरीत येऊन विचारेल, बाई, स्वर्ग कुणीकडे? तर ही तोंडावर रुमाल ओढून कुशीवर वळेल." तो लढाईवर गेला आणि त्याच्याऐवजी कागद आला. मूलबाळ नव्हतं. धाकट्या बहिणीचा मुलगा दोसनझर तेवढा हक्काने येऊन जेवायचा, तिच्या हातच्या नानला नावं ठेवायचा आणि चार जास्त घेऊन जायचा.

त्यानेच तिला मोहिमेवर स्वयंपाकाला लावलं. मॉस्कोहून माणसं यायची, वसंतात दोन महिने आणि शरदात दोन महिने, वाळवंटातल्या जुन्या गढ्या खणायला. दोसनझर त्यांचा ट्रक चालवायचा. छावणी कावळ्यांच्या गढीपाशी होती, गावापासून साठ किलोमीटर आत. गढीच्या पायथ्याशी एक मेलेली नदी होती. पात्र होतं, काठ होते, पाणी मात्र हजार-बाराशे वर्षांपूर्वीच दुसरीकडे निघून गेलेलं. त्या नदीतून एक कालवा फुटून वाळवंटात जायचा. चाळीस पावलं रुंद, दोन्हीकडे गाळाचे बांध, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी फावड्याने खणलेला. मोहिमेतल्या लोकांचा त्या कालव्यावर भारी जीव. सानेम त्याच्याकडे पाठ करून तंदूर लावायची. तिने तंदूरचं तोंडच तसं बांधून घेतलं होतं.

छावणीत दोन नियम होते. ताकिरावर एकट्याने जायचं नाही, हा पहिला. ताकीर म्हणजे तिथली चिकणमातीची सपाट जमीन. सारवल्यासारखी गुळगुळीत आणि इतकी कडक की ट्रकच्या चाकाचीही खूण राहत नाही. दुसरा नियम, चुकामूक झाली तर जिथे सोडलं तिथेच बसून राहायचं.

सप्टेंबरातली गोष्ट. रिम्माबरोबर जाणारा माणूस पोट बिघडून पडला होता. रिम्मा सव्वीस वर्षांची, चष्मेवाली, उन्हाने नाक सोललेली. तिला कालव्याचा नकाशा पुरा करायचा होता. ती सकाळीच तंदूरपाशी येऊन उभी राहिली.

"आपा, आज तू माझ्याबरोबर चल."

"आणि दुपारचं जेवण? तुझी आई येणार मॉस्कोहून?"

"दुपारच्या आत परत येऊ. तू नुसती मोजणीची काठी धरायचीस."

"मी पीठ भिजवलंय."

"मावशी, चल की," दोसनझर ट्रकच्या पायरीवरून ओरडला. "काठी धरणं म्हणजे काय? कढईत डाव धरतेस तसंच. फक्त इथं काही करपणार नाही."

"तुझं तोंड करपेल एक दिवस," सानेम म्हणाली. पण गेली. पिठावर तिने ओला फडका टाकला आणि राखणदार नुरिम्बेतला बजावलं, "आगा, पिठाला हात लावायचा नाही. आणि तंदूर तर मुळीच पेटवायचा नाही." नुरिम्बेत म्हातारा होता आणि त्याच्या हातून जळण नेहमी नुसतं धुमसायचं.

कालव्याच्या काठाने ट्रक दहा-अकरा किलोमीटर आत गेला. ते सगळं अंतर सानेमने मांडीवर हात ठेवून, समोरच्या काचेवरच्या भेगेकडे बघत काढलं. उतरल्यावर लाल फडक्याचा बावटा रोवला. बावट्याशी किटली ठेवली, पाण्याने भरलेली. मग रिम्माच्या लक्षात आलं, दुर्बिणीची तिपाई छावणीतच राहिली आहे.

"आणतो की," दोसनझर म्हणाला. "तासाभरात येतो. मावशीला रागावू नका तोवर, ती चावते."

ट्रक गेला. तो दिसेनासा झाल्यावर रिम्माने खांदा चाचपला. नकाशाची पिशवी गाडीतच राहिली होती, होकायंत्रासकट. तिच्याजवळ फक्त फळी होती आणि फळीला चाप लावून अडकवलेले तीन दिवसांच्या मोजणीचे कागद.

अकरा वाजता वारा उठला.

आधी क्षितिजावर पिवळट रेघ दिसली. सानेमने ती पाहिली आणि रुमालाची गाठ घट्ट केली. मग रेघेची भिंत झाली आणि भिंत चालत आली. सूर्य दुधात पडलेल्या पैशासारखा दिसला, मग तोही दिसेना. उजेड सगळीकडून सारखाच येऊ लागला. तिने रिम्माला हाताला धरून बावट्यापाशी खाली बसवलं.

"हलायचं नाही. डोकं गुडघ्यात घाल."

तेवढ्यात चाप सुटला आणि कागद उडाले.

रिम्मा किंचाळून उठली आणि धावली. तीन दिवसांचं काम होतं ते. सानेमही धावली, पण कागदांसाठी नाही. धुळीत रिम्माची पाठ पुसट होत चालली होती. ती पाठ दिसायची बंद झाली तर पुन्हा दिसणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने पोरीच्या सदऱ्याचं टोक पकडलं आणि सोडलं नाही. तशाच दोघी फरफटत किती गेल्या कुणास ठाऊक. ताकिराला चढ नाही, उतार नाही, दगड नाही, झुडूप नाही. वळलो की सरळ चाललो हे पायांना कळतच नाही.

वाऱ्याचा जोर कमी झाला तेव्हा रिम्माच्या हातात एक कागद होता आणि दोघींच्या सभोवती पिवळी धूळ जागच्या जागी लोंबत होती. वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बावटा नव्हता. किटली बावट्यापाशी होती.

"दोसनझर येईल ना," रिम्मा म्हणाली.

"येईल. बावट्यापाशी. आपण तिथं नाही."

त्यांनी हाका मारल्या. धुळीने त्या गिळल्या. मग बसून राहिल्या, नियमाप्रमाणे. पण तो नियम जिथे सोडलं त्या जागेचा होता आणि ती जागाच हरवली होती. रिम्माच्या घड्याळात दोन वाजले. तिचे ओठ पांढरे पडले, नाकातून थोडं रक्त आलं. सानेम तिच्याकडे टक लावून बघत होती. तिची नजर कशावर होती हे रिम्माला कळलं नसतं. ती पोरीच्या जिभेकडे बघत होती. जीभ जड झाली की माणूस शब्द अर्धे सोडायला लागतो. तिच्या भावाची तशी झाली होती.

"ऊठ," ती म्हणाली. "कालवा शोधू."

चालत चालत एकाएकी पाय चढाला लागले. बांध होता. बांधावरून खाली रुंद खोलगट पात्र, पलीकडे दुसरा बांध. रिम्मा मटकन बसली आणि हसायला लागली.

"सापडला! आपा, हा इथला एवढा मोठा एकच आहे. ह्याच्या मुखाशी छावणी. मुखाकडे चालत राहिलं की झालं. तीन तासांत चहा."

"मुख कुठल्या बाजूला?" सानेमने विचारलं.

रिम्माने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हसू ओसरलं. कालव्याच्या ह्या काठाला आपण आलो की त्या, हेच तिला सांगता येईना. एका बाजूला मुख होतं, मेलेली नदी, गढी, माणसं. दुसऱ्या बाजूला वीस किलोमीटरवर शेपूट होतं, कालवा जिथे वाळूत संपतो ती जागा. तिथे विहीर नव्हती, पाऊलवाट नव्हती, तिकडे मेंढपाळही जात नसत.

"फाटे बघू," रिम्मा म्हणाली. "कालव्याला फाटे फुटतात ना, ते पाणी जातं त्या दिशेला झुकलेले असतात. एक फाटा सापडला की कळेल."

फाटा सापडला. रिम्मा त्यावर ओणवी झाली, पावलांनी मोजलं, पुन्हा मोजलं. मग तिथेच उभी राहिली.

"काय झालं?"

"काटकोनात आहे." तिचा आवाज बारीक झाला. "इतक्या जुन्या काळी लोक काटकोनातच फाटे काढायचे. तिरके काढायला ते नंतर शिकले. मीच लिहिलंय ते, आपा. मीच गेल्या वर्षी लेख लिहिलाय त्यावर."

सानेम बांधाकडे बघत होती आणि बघायचं नाही असं ठरवूनही तिचे हात शिवशिवत होते. कारण तिला सांगता येणार होतं.

ती लहान असताना दर हिवाळ्याच्या शेवटी गावाला कझू लागायची. कझू म्हणजे कालव्यातला वर्षाचा गाळ उपसायची वेठ. घरटी एक माणूस आणि एक फावडं. तिच्या बापाला मणक्याचं दुखणं होतं, म्हणून भाऊ तिलेव जायचा, आणि त्याची भाकरी घेऊन ती. मुखाकडची नेमणूक मिळाली की माणसं कपाळाला हात लावायची. तिथे नदीची जाड वाळू साचते, बांध दोन पुरुष उंच होतात, फावड्याने वाळू वर फेकता फेकता खांदे निखळतात. शेपटाकडे नुसता लोण्यासारखा गाळ, तोही वीतभर. म्हातारे लोक चिमूटभर गाळ पुढच्या दातांत धरून सांगायचे, इथून मुख किती लांब. तिलेवने तिला ते शिकवलं होतं. ती त्याच्यापेक्षा चांगलं सांगायची.

ती बारा वर्षांची होती आणि तिलेव सतराचा, तेव्हा दोघं साक्सौलची, वाळवंटातल्या त्या खुरट्या झाडाची, लाकडं तोडायला वाळवंटाच्या कडेला गेली होती. अशीच धूळ आली. गाढव उधळून गेलं. चुकत चुकत दोघं एका मेलेल्या कालव्यावर पोचली. कुठं जायचं, तिलेवने विचारलं. त्याला काही सुचत नव्हतं, तो घाबरला होता आणि पाणी तिच्यासाठी राखून त्याची जीभ जड झाली होती. तिने गाळ दातांत धरला, मऊ लागणारी बाजू ओळखली आणि हात करून सांगितलं, "तिकडे. पाणी जातं तिकडे घरं असतात."

गावातल्या कुणीही हेच सांगितलं असतं. त्यांच्या देशात पाण्याबरोबर चालत गेलं की शेत लागतं, शेतानंतर कुत्रं भुंकतं, कुत्र्यामागे घर असतं. मेलेल्या कालव्याच्या शेपटाला घरं नसतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिलेवने तिला लाकडाच्या मोळीच्या आडोशाला बसवलं, पाण्याची पखाल तिच्याजवळ ठेवली आणि तो माणसं आणायला गेला. दुसऱ्या दिवशी माणसं आली, पण ती वरच्या अंगाने, मुखाकडून आली. तिलेव सहाव्या दिवशी सापडला. कालव्याच्या अगदी टोकाशी पालथा, तोंड तळाच्या मातीत खुपसलेलं. पाणी पीत असल्यासारखा, असं आणणारे म्हणाले. तो तिकडे का गेला, हे कोडं आईला मरेपर्यंत सुटलं नाही. सानेमने ते कधीच कुणाला सांगितलं नाही.

"आपा," रिम्मा म्हणाली, "मला वाटतं हे उजवीकडचं. नाही का? मला तसं वाटतंय."

"का वाटतंय?"

"कुठंतरी जायला हवं म्हणून."

सानेमने बांधाचा वरचा पापुद्रा बोटांनी खरवडला. हातभर आतला गाळ काढला, चिमूट तोंडात धरली. कचकच होती, पण बारीक. ह्या एका चिमटीने काही कळत नव्हतं. 

"उजवीकडे चल. दोन हजार पावलं मोज. मोठ्यानं मोज, मला ऐकू आलं पाहिजे."

"दोन हजारच का?"

"मोज म्हणते ना."

रिम्मा मोजत होती. सातशेनंतर तिचे आकडे जड झाले. बाराशेला ती थांबली, हजारावर परत गेली. सानेमने हाताला धरून पुढे ओढली. धुळीत समोर काहीतरी आडवं पडलेलं दिसलं. काळपट, माणसाएवढं, पालथं. सानेमचे पाय जागीच रुतले. त्या आकाराला खांदे होते, आखडून घेतलेला एक हातही होता.

"झाऊचं झुडूप आहे," रिम्मा म्हणाली. "वाळूनं झाकलेलं. आपा? तू काय म्हणतेयस?"

ती काय म्हणत होती ते तिलाही माहीत नव्हतं. जवळ गेल्यावर ते खरंच झुडूप होतं. तिने तरी पायाने ते हलवून बघितलं.

दोन हजार पावलांवर तिने पुन्हा बांध खरवडला. चिमूट दातांत धरली. दात एकमेकांवर गुळगुळीत फिरले. तिने थुंकून दुसरी चिमूट घेतली, हातभर खालून. तीही लोण्यासारखी. बांधही इथे तिच्या कमरेएवढाच होता.

"ही शेपटाची बाजू आहे," ती म्हणाली. "माघारी फिरायचं."

"तोंडात माती घालून सांगतेस?" रिम्माचा आवाज चिरकला. "दोन हजार पावलांत काय फरक पडणार? मधेच कुठं वाळू आली असेल, वाऱ्यानं आणली असेल! आपण एवढं चाललोय, आता मी परत नाही जाणार. मी बसते इथं."

"बैस. बसलेली माणसं मी बघितलीत."

"आणि तुझं चुकलं तर?"

चौतीस वर्षं तिने ह्या प्रश्नापासून पळ काढला होता, बेगदुल्लाच्या घराची वाटसुद्धा सांगितली नव्हती. आता पळायला जागा नव्हती. गप्प बसली तरी ही पोर मरणार आणि बोलली तर कदाचित तिच्या बोलण्याने मरणार. तिने हात वर केला. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि बोट लांब केलं.

"तिकडे," ती म्हणाली. "मुख तिकडे आहे."

रिम्मा उठली. पटलं म्हणून उठली की सानेमच्या चेहऱ्याला घाबरून, ते तिने पुढेही कधी सांगितलं नाही.

परतीची दोन हजार पावलं, मग पुढची. सानेम दर थोड्या वेळाने बांध खरवडायची. रिम्मा आता विचारत नव्हती, नुसती तिच्या तोंडाकडे बघायची. कचकच वाढली की सानेम मान हलवायची. एकदा बांधच नाहीसे झाले, दोन्ही वाळूच्या टेकाडांखाली गेले, आणि पाऊण तास दोघी नुसत्या अंदाजाने चालल्या. तेवढ्या वेळात सानेमने तीनदा ठरवलं की आपण चुकलो. तिसऱ्यांदा ते बोलून दाखवायला तिने तोंड उघडलं आणि पाय बांधावर आपटला. इथे बांध तिच्या डोक्याच्या वर होता. तिने गाळ चाखला. चाखायचीही गरज नव्हती, बोटांनाच खडे लागत होते.

"आपा," रिम्मा अर्धवट शब्दांत म्हणाली, "नक्की ना?"

"गप्प चाल. बोलून तोंड सुकतं."

मग वास आला. ओल्या साक्सौलचा, डोळ्यांत जाणारा, न जळता धुमसणारा धूर. सानेम थांबली आणि तिने तो धूर पोटभर आत घेतला.

"मेल्या नुरिम्बेत," ती म्हणाली. "तंदूर पेटवलास ना शेवटी!" आणि तिला रडू फुटलं.

उजेड उतरत असताना दोघी छावणीत पोचल्या. नुरिम्बेत काळवंडलेला नान हातात धरून धावत आला आणि त्यांना बघून नान त्याच्या हातून पडला. मोहिमेचे प्रमुख ग्लेब मक्सिमोविच दुसरी गाडी घेऊन नुकतेच आले होते. रिम्माला तंबूत नेलं, चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. सानेमने आपली वाटी स्वतः धरली. पहिला घोट गिळला आणि तिने आजूबाजूला पाहिलं.

"दोसनझर कुठाय?"

नुरिम्बेतने टोपी काढली.

"बाराला तिपाई घेऊन गेला. वारा जरा पडल्यावर. तेव्हापासून नाही आला. पाण्याचं पिंप इथंच उतरवलेलं होतं, थर्मासभर चहा होता त्याच्याकडे, तेवढाच."

प्रमुखांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता. आधी बावट्यापर्यंत जायचं, मग बावट्याभोवती वाढते फेरे मारायचे, असं ते सांगत होते. पेट्रोल तेवढ्यापुरतंच होतं. गावाहून मदत यायला उद्याची सकाळ झाली असती.

सानेम वाटी धरून उभी होती. तिला सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. दोसनझर बावट्यापाशी पोचला असेल. किटली दिसली असेल, माणसं नाहीत; त्या परत येतील म्हणून त्याने ती तिथेच ठेवली असेल. मग त्याने विचार केला असेल, मावशी कुठे जाईल? वाळवंट मोहिमेने त्याला दाखवलं, पण तो पाण्याच्या गावात जन्मलेला. त्याच्या आईने, आजीने त्याला तेच सांगितलेलं, जे सगळ्यांच्या आया सांगतात.

"फेरे नका मारू," ती म्हणाली. कुणी वळलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली. "साहेब, फेरे नका मारू. तो खाली गेलाय. शेपटाकडे."

"कशावरून?"

"मला शोधायला."

"पण तुम्ही तर इकडे आलात. तुम्ही तिकडे जाल असं त्याला का वाटावं?"

नुरिम्बेत बघत होता. स्वयंपाकात मदत करणाऱ्या दोन बायका बघत होत्या, दोघी तिच्याच गावच्या. आत जायला घर नव्हतं, लावायला दार नव्हतं. चुकली तर हे असलं नसलं पेट्रोल घेऊन रिकाम्या वाळूत जाणार आणि बहिणीचं पोर बावट्यापाशी तडफडणार. मग बहिणीला तोंड दाखवायची सोय नव्हती.

"कारण आमच्यात हरवलेला माणूस पाण्याबरोबर जातो," ती म्हणाली. "माझा भाऊ गेला होता. तिलेव." मग तिने वाटी नुरिम्बेतच्या हातात दिली. "तो आपणहून गेला नव्हता. मी पाठवला होता. मी हात करून सांगितलं होतं, तिकडे जा."

दोन बायकांपैकी थोरलीने तोंडावर हात घेतला. तिने तिलेवला पाहिलेलं होतं.

ग्लेब मक्सिमोविचनी नकाशाची घडी केली, पाण्याची दोन पिंपं चढवायला सांगितली आणि चालकाला म्हणाले, "बांध धरून खाली. शेवटापर्यंत."

गाडी गेली. सानेम तंदूरपाशी बसली. नुरिम्बेत दोनदा चहा घेऊन आला आणि दोनदा तो तसाच परत घेऊन गेला. तिने विटलेलं पीठ फेकून दिलं, नवं भिजवलं, तेही नीट मळलं नाही. मनात एकच चालू होतं. दातांत धरायला इथे काही नव्हतं. माणूस कुठे गेला हे चाखून कळत नाही.

सकाळी गाडीचा आवाज आला तेव्हा ती उठली नाही. गाडीचं दार आपटलं आणि कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं,

"वा मावशी! मी तुला मरमरून शोधतोय, आणि तू इथं निवांत नान भाजतेस?"

ओठ फुटलेले होते, डोळे सुजून लाल झाले होते, अंगावरचे कपडे गंजाने माखले होते. शेपटाच्या वाळूत ट्रक आसापर्यंत रुतला होता आणि दोसनझर त्याच्याखाली सावलीत पडलेला सापडला होता. इंजिन थंड ठेवायचं गंजकं पाणी प्यायला होता, ओकला होता आणि पुन्हा प्यायला होता. दोन माणसांनी त्याला धरलं होतं, तरी तो स्वतःच्या पायांनी तंदूरकडे वळला.

सानेमने त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याच हाताने त्याचा गाल धरून ठेवला.

"खाली का गेलास रे?"

"हे काय विचारणं झालं?" तो म्हणाला. "म्हटलं मावशीला वाटा नाही सांगता येत. पण कालवा दिसला की पाण्याबरोबर जाईल. एवढं तर कुणालाही कळतं."

त्याला तंबूत झोपवलं. तो झोपायच्या आधी सानेम आत आली. उशाशी पाणी ठेवलं, पाण्यावर ताटली झाकली, ताटली सरळ केली. मग खाली बसली.

"दोसनझर. शेवटाला काय आहे रे तिथं?"

"कुठं?"

"कालवा संपतो तिथं."

तो डोळे मिटून आठवत राहिला.

"काही नाही. बांध लहान लहान होत जातात. गुडघ्याएवढे, मग वीतभर. मग वाळू."

"एवढंच?"

"एवढंच, मावशी. खूप मऊ माती आहे तळाला. हातात घेतली की पिठासारखी."

तंबूबाहेर गावची पहिली मदत घेऊन आलेला कुणी नवा माणूस प्रमुखांचा तंबू कुठला म्हणून विचारत होता आणि कुणी त्याला उत्तर देत नव्हतं. ती उठून बाहेर आली. हातावरचं पीठ झाडलं. तो माणूस तिच्याकडे बघत होता.

तिचा हात वर यायला वेळ लागला.

"तो," ती म्हणाली. "दोरीवर शर्ट वाळतोय ना, त्याच्या पलीकडचा."

आणि तो माणूस खरोखर त्या तंबूत शिरेपर्यंत ती तिथेच, श्वास धरून उभी राहिली.